तुटलेली कॉइल आणि कुलूपवाल्याचा मुलगा

१९८०च्या सुमारास आमच्या घरी विजेची एक शेगडी होती. चिनी मातीची थाळी, तिच्यात वळणावळणाची खाच आणि खाचेत बसवलेली तारेची कॉइल. रॉकेल मिळालं नाही की अम्मी ती माळ्यावरून काढायची. कॉइल वरचेवर तुटायची. अब्बा जळका तुकडा काढून टाकायचे, उरलेली तार ताणून दोन टोकांना पीळ द्यायचे, की शेगडी पुन्हा सुरू. गंमत अशी की, दुरुस्त केलेली शेगडी आधीपेक्षा जास्त लाल व्हायची. चहा लवकर उकळायचा. अम्मी म्हणायची, "टूट के सुधर गई!" आणि आठवडाभरात ती पुन्हा तुटायची.

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. हे कोडं सुटायला फार वर्षं लागली. आणि ते सोडवताना गाठ पडली एका जर्मन शाळामास्तराशी, जॉर्ज सायमन ओहमशी.

ओहमचा जन्म १७८९चा, बव्हेरियातल्या एरलांगेनचा. वडील कुलपं बनवायचे. त्यांनी स्वतःच्या जिद्दीवर गणित आत्मसात केलं आणि तेच जॉर्ज आणि मार्टिन या मुलांना शिकवलं. मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. जॉर्जकडे मात्र बापाचं गणित आणि बापाची कानस, दोन्ही आलं.

१८१७पासून तो कोलोनच्या शाळेत शिकवत होता. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. त्याचा प्रश्न आमच्या शेगडीचाच होता म्हणा ना: तारेची लांबी बदलली तर विजेचा प्रवाह किती बदलतो? अडचण होती ती विजेच्या उगमाची. व्होल्टाची बॅटरी १८००मध्ये आली होती खरी, पण तार जोडली की तिचा जोर ढळायचा. मोजता मोजता गजच आखडत जावा, तसला प्रकार. १८२५मध्ये ओहमने पहिला निबंध छापला. त्यातलं सूत्र चुकीचं निघालं.

तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला एक युक्ती सुचवली. बॅटरी सोडा, उष्णतेवर वीज निर्माण करा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे एक गरम आणि एक थंड ठेवले की वीज वाहते, हे झेबेकने १८२१मध्ये दाखवलं होतं. ओहमने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमानातला फरक तोच, म्हणून विजेचा रेटाही तोच. प्रवाह मोजायला टांगलेली चुंबकसुई. जानेवारी १८२६मध्ये त्याने सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या. सर्वांत आखूड दोन इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. आकडे नीट जुळले. रेटा भागिले एकूण रोध म्हणजे प्रवाह. उगमाचा स्वतःचा रोधही त्याने हिशेबात धरला होता, हे मला विशेष वाटतं.

आजच्या भाषेत, व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती, वॉटमध्ये. हा दुसरा भाग ज्याच्या कामामुळे पक्का झाला तो जूल, इंग्लंडमधल्या एका बिअर बनवणाऱ्याचा मुलगा. तारेत किती उष्णता निर्माण होते, हे त्याने १८४१मध्ये मांडलं.

आता आमची शेगडी घ्या. १,००० वॉटची, घरचा दाब २३० व्होल्ट. भागाकार केला तर प्रवाह साधारण ४.३५ अँपिअर आणि रोध ५३ ओहम. अब्बांनी पाचवा हिस्सा तार काढून टाकली, तर रोध उरला ४२ ओहम. दाब तोच, म्हणून प्रवाह झाला सुमारे ५.४ अँपिअर आणि शक्ती १,२५० वॉट! आखूड झालेल्या तारेवर जास्त उष्णतेचा बोजा, मग ती तुटेल नाही तर काय?

ओहमला मात्र या भागाकाराची किंमत मोजावी लागली. अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो बर्लिनला गेला आणि १८२७मध्ये त्याने पुस्तक काढलं. त्याला आशा होती विद्यापीठातल्या जागेची. स्वागत थंड झालं. विजेत इतकं गणित घुसवणं अनेकांना रुचलं नाही. दुखावून त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये आठवड्याला मोजके तास शिकवून दिवस काढले. १८३३मध्ये न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली. १८४१मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिलं, तेव्हा कुठे घरच्यांचे डोळे उघडले. म्युनिकला प्रायोगिक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला तो १८५२मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. दोन वर्षांनी वारला. १८८१च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्याचं नाव मिळालं.

आणि हा नियम त्याच्याही आधी एकाला सापडला होता! इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने १७८१मध्येच. उपकरण म्हणून त्याने स्वतःचं शरीर वापरलं, झटके घेऊन त्यांचा जोर ताडला. पण हा गृहस्थ इतका मुखदुर्बळ, की त्याने ते छापलंच नाही. कागद उजेडात आले १८७९मध्ये, मॅक्सवेलमुळे.

शेगडीचा हा सगळा हिशेब मी एकदा अब्बांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "इसमें नई कॉइल की कीमत कहाँ लिखी है?"