संगणकाचा उष्मा : एक ऐतिहासिक विचार

यंत्रांच्या इतिहासांत त्यांच्या सामर्थ्याचीं वर्णनें विपुल आढळतात. पण त्या सामर्थ्याच्या पोटीं जी उष्णता उत्पन्न होते, तिची वाट कशी लावली, हें क्वचितच सांगितलें जातें. संगणकाच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. बाजारांतून सुटे भाग आणून स्वतःच्या गरजेप्रमाणें संगणक जुळविणारा एखादा तरुण आज पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा असतो. तो प्रथम वेगवान प्रोसेसर पसंत करतो, मग ग्राफिक्स कार्ड घेतो, आणि उरलेल्या पैशांत पंख्यांची सोय पाहतो. हा क्रम कितपत शहाणपणाचा आहे, याचें उत्तर गेल्या सुमारें ऐंशी वर्षांच्या इतिहासांत सांपडतें.

गिरणींतील यंत्र विजेच्या मोबदल्यांत सूत काढतें, पंप पाणी वर चढवितो. संगणक केवळ उत्तर देतो, आणि उत्तराला वजन नसतें. त्यांत शिरलेली वीज अखेर जवळजवळ सारी उष्णतेच्याच रूपानें बाहेर पडते. १०० वॉट घेणारा प्रोसेसर म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेंत पेटलेला १०० वॉटचा दिवाच होय.

१९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत ‘एनिअॅक’ हें यंत्र जगापुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्याला सुमारें १५० किलोवॉट वीज लागे. इतक्या नळ्यांपैकीं एखादी तरी सदैव जळत राहणार आणि यंत्र चालणारच नाहीं, अशी शंका घेतली जात होती. मुख्य अभियंते प्रेस्पर एकर्ट यांनीं नळ्यांवर त्यांच्या क्षमतेहून पुष्कळ कमी भार टाकला. नळ्या बहुधा तापतांना किंवा निवतांना निकामी होत. म्हणून यंत्र शक्यतों बंदच करीत नसत. हवा खेळविण्यासाठीं पंखे होतेच; परंतु यशाचें खरें मर्म भाग बेतानें वापरण्यांत होतें.

पुढें ट्रान्झिस्टर आला आणि नळ्या गेल्या. उष्णता मात्र गेली नाहीं. कारण भाग जसजसे लहान झाले, तसतसे ते अधिक दाटीनें बसूं लागले. सेमूर क्रे यांच्या ‘क्रे-१’ या महासंगणकाचा पहिला नग १९७६ सालीं लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेंत पोंचला. तारा आंखूड राहाव्यात म्हणून त्याला अर्धवर्तुळासारखा वांकविलेला आकार दिला होता, आणि सुमारें ११५ किलोवॉटांची उष्णता वाहून नेण्यासाठीं फ्रेऑन खेळविला होता. या शीतकरणाच्या नळ्यांतून तेल झिरपून विजेचीं मंडलें बिघडूं लागलीं, व त्यामुळें यंत्र तयार होण्यास विलंब लागला. १९८५ सालच्या ‘क्रे-२’ मध्यें तर सारीं मंडलेंच वीज न वाहणाऱ्या द्रवांत बुडविलेलीं होतीं. गणिताइतकाच उष्णतेनेंही यंत्राचा आकार ठरविला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

घरगुती संगणक या संकटापासून दीर्घकाळ वांचला. १९८१ सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांत प्रोसेसरसाठीं स्वतंत्र पंखा नव्हता. ट्रान्झिस्टर लहान करतांना विजेचा दाबही त्याच प्रमाणांत उतरविला, तर तितक्याच क्षेत्रावरील उष्णता वाढत नाहीं, असें रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं दाखविलें होतें. परंतु दाब उतरविण्यास मर्यादा असते. ती आली तेव्हां बंद असलेल्या ट्रान्झिस्टरांतूनही वीज गळूं लागली. २००४ सालीं इंटेलच्या नव्या ‘पेंटियम ४’ ची उष्णता १०० वॉटांच्या वर गेली. त्याच वर्षीं त्या कंपनीनें त्याचा नियोजित वारस सोडून दिला, आणि ४ गिगाहर्ट्झचा बेतही रद्द केला. २००६ सालीं ‘कोअर २ ड्युओ’ प्रोसेसर आले. त्यांतील बहुतेक ६५ वॉटांतच दोन गाभ्यांच्या बळावर अधिक काम करूं लागले.

एका महाबलाढ्य भागाऐवजीं अनेक मध्यम भागांकडून काम घेण्याची ही कल्पना पुण्यास अपरिचित नव्हती. महासंगणकांच्या निर्यातीवर अमेरिकेनें निर्बंध घातले असतां १९८८ सालीं सी-डॅक संस्था स्थापन झाली, व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यांत ६४ ट्रान्सप्यूटर एकत्र जुळविले होते. तेथें कारण उष्णतेचें नव्हे, अडवणुकीचें होतें. तथापि मार्ग तोच निघाला.

आतां आपल्या तरुणाकडे वळूं. नागपुरास वैशाखांत बाहेरची हवाच ४५ अंशांपर्यंत तापते. पंखा प्रोसेसरला खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं, हा निसर्गाचा नियम आहे. पाण्याचें शीतकरणही उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें ती फक्त दुसऱ्या जागीं नेऊन त्याच हवेच्या स्वाधीन करतें. आजच्या चांगल्या हीटसिंकमध्यें तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांतील द्रव वाफ होऊन वर जातो, निवतो व परत येतो. असल्या साध्या योजनेनें पुष्कळांचें काम भागतें, मात्र कॅबिनेटमध्यें थंड हवा समोरून आंत व ऊन हवा मागून बाहेर जाण्यास मोकळी वाट हवी.

ही वाट नसेल तर प्रोसेसर जळत नाहीं. तो जीव वांचविण्यासाठीं आपण होऊन वेग उतरवितो. म्हणजे वेगासाठीं मोजलेले पैसे ऐन उन्हाळ्यांत, नेमके कामाच्या वेळीं, वायां जातात. म्हणून प्रथम खोलीचा विचार करावा, मग उष्णता किती बाहेर काढतां येईल तें पाहावें, आणि तेवढ्याच वॉटांचा प्रोसेसर निवडावा. एकर्ट यांनीं १८,००० नळ्या चालविल्या त्या याच बेतानें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं संगणकासाठीं केली नव्हती. पण त्याला ती तंतोतंत लागू पडते.