आशा स्वयंसेविका : दीर्घकालीन रोगांच्या तपासणीतील सज्जता

आशा स्वयंसेविका ही २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली, गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. माता-बालसंगोपन आणि लसीकरण ही तिची मूळ कामे. पुढे तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचा धोका हेरण्याचे कामही तिच्याकडे आले. ती घरोघरी जाऊन वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घराण्यातले आजार विचारते, मोजपट्टीने कंबरेचा घेर मोजते आणि अर्जावर गुण मांडते. बेरीज चारच्या वर गेली, की त्या व्यक्तीला आधी तपासणीला धाडायचे.

या कामाला ती सज्ज आहे का, याचे उत्तर बहुधा तिच्या शिक्षणात शोधले जाते. पुरावा मात्र वेगळीकडे बोट दाखवतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून चाचणी घेतली. तीत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात गर्भाशयमुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल लावून उमटणारा पांढरा डाग ओळखायला शिकवले. तपासणी लाभलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंकेच्या ग्रामीण भागांतही आरोग्य कार्यकर्त्यांच्या गृहभेटी, प्रशिक्षित डॉक्टर आणि आरोग्य केंद्राशी जुळणी यांमुळे दोन वर्षांत रुग्णांचा रक्तदाब तुलना-गटापेक्षा सरासरी ५ अंकांनी अधिक उतरला.

यावर आक्षेप असा, की संशोधनातली तज्ज्ञांची देखरेख गावात कुठून आणायची? आक्षेप खरा आहे, पण त्यातूनच मुद्दा पक्का होतो : कमतरता बाईच्या कुवतीत नसून तिच्यामागच्या व्यवस्थेत आहे. उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या असतील, तर अचूक मांडलेले गुणही रुग्णाला फक्त धास्ती देतात. दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. तोही रास्त आहे; कारण आशांना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो आणि नवे काम जुन्या कामाचा वेळ खाते. त्यावर उपाय तपासणी सोडणे हा नव्हे, तर तिला वेळ, पुरेसा मोबदला आणि पाठपुराव्याला साहाय्य देणे हा आहे. म्हणून सज्जता प्रशिक्षणाच्या दिवसांवर किंवा भरलेल्या अर्जांवर न मोजता, पाठवलेल्यांपैकी किती जणांचे निदान झाले, किती जणांना औषध सुरू झाले आणि सहा महिन्यांनंतरही ते किती जण घेत आहेत, यावर मोजली पाहिजे.