उन्हाचें कोठार आणि बर्फाचें कोठार

लोकमान्य टिळकांनीं 1903 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वेदकालीन आर्यांचें मूलस्थान उत्तरध्रुवाजवळ होतें असें प्रतिपादन केलें. विद्वानांनीं तो सिद्धान्त पुढें मान्य केला नाहीं; परंतु त्या निमित्तानें हिममय उत्तरेचें नांव मराठी वाचकाच्या ओळखीचें झालें. तेथील मनुष्य खातो तरी काय, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों.

जेथें नांगर चालत नाहीं, तेथें धान्य कोठून येणार? ग्रीनलंड व उत्तर कॅनडा येथील इन्युइट लोक सील, देवमासा, कॅरिबू हरिण व मासे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. देवमाशाची कातडी ते चरबीसह कच्ची खातात; तिला मुक्तुक म्हणतात. हें ऐकून नाक मुरडण्यापूर्वीं एक इतिहास ऐकावा. 1845 सालीं सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजें व तीन वर्षांचा शिधा घेऊन इंग्लंडहून ध्रुवप्रदेशाकडे निघाले. डबाबंद मांस होतें, लिंबाचा रस होता. तरी बर्फांत शिरलेल्या 129 जणांपैकीं एकही परतला नाहीं. उपासमार, थंडी व रोग यांनीं सर्वांचा ग्रास केला. त्याच मुलुखांत इन्युइट कुटुंबें मुलांबाळांसह नांदत होतीं. ताज्या कच्च्या मांसांत व त्या कातडींत स्कर्व्ही रोग टाळणारें क जीवनसत्त्व असतें, आणि शिजविल्यानें तें घटतें, याचा उलगडा शास्त्राला विसाव्या शतकांत झाला. ज्ञान आधीं जिभेला होतें. पुस्तकाला मागाहून आलें.

साठवणही तशीच. गोठलेल्या भूमींत खड्डे खणून तेथील लोक मांस ठेवीत. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा लांकडी मांडवांवर टांगून गार वाऱ्यांत मीठाविना वाळवितात.

आपल्या खानदेशांत निसर्ग अगदीं उलट. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास चढतो. पण तेंच ऊन आमचें कोठार आहे. ज्वारीच्या बिबड्या, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, उडदाचे पापड, डाळीचे सांडगे, सारें वर्षाचें वाळवण गृहिणी याच दिवसांत उरकतात. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा मोहाचीं फुलें वेचून वाळवितात. शेतकऱ्यांचें धान्य पूर्वीं जमिनींतील पेवांत राही. पेव उघडल्यावर आंतील कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी खालीं उतरत नसे. नाहीं तर प्राणावर बेते.

पुढें 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीमुळें कापसाला अपूर्व भाव आला, आगगाडी आली आणि शेताचें पीक थेट बाजाराच्या वाटेला लागलें. रोकड वाढली; पण रोकड शिजवितां येत नाहीं. 1899-1900 च्या दुष्काळांत, ज्याला लोक छपन्नचा दुष्काळ म्हणत, धान्याचे भाव चढले आणि मजुराच्या हातीं काम उरलें नाहीं, तेव्हां रानभाजी, कंदमुळें व मोहाचीं फुलें यांवर अनेकांनीं दिवस काढले.

फ्रँकलिनचे लोक डब्यांवर विसंबले आणि आम्ही बाजारावर. दोन्ही वस्तु उपयोगी आहेत. पण ज्या मातींत किंवा बर्फांत आपण राहतों, तेथें पोट कसें भरावें हें ठाऊक असणारा मनुष्य रानटी नव्हे. घरांतील वृद्धेला ज्वारीचें पीठ किती आंबवावें हें ठाऊक असतें. मुलांना इतिहास शिकवितांना राजांच्या सनावळीबरोबर तेंही विचारून ठेवावें.