कागदावरचं वर्तुळ



सिम्युलेशनवर माझी रोजीरोटी चालते, म्हणून हा इतिहास मला जवळचा. २००२ च्या उन्हाळ्यात बर्कली विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मेन राज्याजवळ ग्रेट डक बेटावर ३२ वायरलेस सेन्सर बसवले. तिथले स्टॉर्म पेट्रेल पक्षी बिळात घरटी करतात. माणसाचा वावर वाढला तर घरटं सोडूनही जातात. म्हणजे एकदा यंत्रं लावली की दुरुस्तीला सारखं जायची सोय नाही. जे तपासायचं ते आधीच, संगणकावर.

पण तेव्हाची बरीच मॉडेल्स भाबडी होती. रेडिओची रेंज म्हणजे वर्तुळ. आत सगळं ऐकू येतं, बाहेर शून्य. आणि मला तुझं ऐकू आलं तर तुलाही माझं येणारच! २००३ मध्ये डार्टमथच्या डेव्हिड कोट्झ आणि सहकाऱ्यांनी अशा चुकीच्या गृहीतकांची यादीच मांडली. त्याच वर्षी बर्कलीच्या फिलिप लेविस आणि मंडळींनी टॉसिम हा सिम्युलेटर जगापुढे ठेवला. त्यात दोन सेन्सरांमधल्या जाण्या-येण्याच्या दोन्ही दिशांना चुकीची शक्यता वेगवेगळी देता येते.

म्हणून कोणी "सिम्युलेशनमध्ये तर चालतंय" म्हणालं, की मी आधी विचारतो: जागेवर जाऊन मोजलंय, की वर्तुळच काढलंय?