‘पगार’ शब्दाचे कुळ

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे विवेकानंद आश्रमामुळे नावारूपास आलेले गाव समुद्रापासून फार दूर, वऱ्हाडात आहे. ह्या प्रांतावर निजामाने सत्ता गाजविली, नागपूरकर भोसल्यांनी गाजविली, आणि १८५३ च्या तहानंतर इंग्रजांनी कारभार हाकला. पोर्तुगीजांचा मात्र तेथे कधीच शिरकाव झाला नाही. असे असूनही तेथील शाळेचे मुख्याध्यापक आणि शिपाई महिनाअखेरीस वाट पाहतात ती ‘पगारा’ची, आणि पगार हा शब्द तर अस्सल पोर्तुगीज!

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईही त्यांच्याकडे होती. त्या सहवासात बटाटा, चावी, घमेले, परात असे पुष्कळ शब्द आपल्याकडे आले. ही सारी वस्तूंची नावे. वस्तू आली की नाव येते, त्यात नवल ते काय? पगाराची गोष्ट निराळी. मूळ भाषेत ते क्रियापद आहे. अर्थ देणे, चुकते करणे. आपल्या पूर्वजांनी त्याचे नाम केले, म्हणून त्यांस व्याकरण कळत नव्हते असे कोणी समजू नये. ‘त्याचे माझ्याकडे देणे आहे’ असे म्हणताना आपण हेच करीत असतो. मात्र देणे हे देणाऱ्याच्या शिरावर असते, आणि पगार घेणाऱ्याच्या हातात पडतो. हा शब्द धन्याने शिकविला असेल; त्याचा मराठी अर्थ ठरविला तो चाकराने, असे मला वाटते.

ह्या क्रियापदाचे मूळ लॅटिनमधील ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. शांततावाचक ‘पाक्स’ पासून ते निघाले. सावकार शांत होतो तो पैसे हाती पडल्यावरच. तेव्हा अर्थ पुढे कसा सरकला हे सांगावयास नको. स्पॅनिशमध्ये ‘पगार’, इटालियनमध्ये ‘पगारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’ ही त्याचीच रूपे. रुमानियन भाषेने तेवढा जुना अर्थ राखला : तेथील ‘इंपका’ म्हणजे समेट करणे, पैसे देण्यासाठी तिने स्लाव्ह भाषेतून वेगळे क्रियापद घेतले. १०६६ नंतर नॉर्मन लोकांची फ्रेंच इंग्लंडात रुजली, आणि तिच्यातून इंग्रजीचे ‘पे’ निघाले. म्हणजे आपल्या कचेऱ्यांतील पे-स्लिप आणि पगार ही चुलत भावंडेच होत.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस ‘वेतन’ अधिक प्रिय. तो शब्द जुना आहे खरा. वेतनावर जगणाऱ्यास ‘वैतनिक’ म्हणावे हा नियम पाणिनीनेच घालून दिला आहे. सरकारी कागदांत वेतनश्रेणी आणि वेतन आयोग सुखाने नांदत आहेत. परंतु घरात कोणी ‘वेतन झाले का?’ असे विचारीत नाही. आणि फुकट मिरविणाऱ्यास आपण ‘बिनपगारी फुल अधिकारी’ म्हणतो, त्या तीन शब्दांत लिस्बन, लंडन आणि संस्कृत पाठशाळा शेजारी शेजारी बसलेली असतात.