आश्रयदाता आणि संहिता : पर्यायी वास्तवाच्या खेळांचे अर्थकारण

पर्यायी वास्तवाचा खेळ या कथनप्रकाराने आरंभापासून एक अट पाळली : आपण खेळ आहोत हे कबूल करावयाचे नाही. दूरध्वनी, पत्रे, संकेतस्थळे अशा नित्य व्यवहारातील साधनांतून कथेचे तुकडे यावेत आणि सहभागी वाचकांनी ते मिळून जुळवावेत, अशी ही रचना. परंतु जी संहिता आपले संहितापणच नाकारते, तिचे मोल कोणाकडून घ्यावयाचे?

मायक्रोसॉफ्टमधील जॉर्डन वाइजमन व एलन ली आणि लेखक शॉन स्ट्युअर्ट यांच्या ‘द बीस्ट’ने 2001 साली या पेचाला वळसा घातला. हा खेळ स्पीलबर्गच्या ‘ए. आय.’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीचा भाग होता. वाचकाला काहीच द्यावे लागले नाही. 2004 साली सार्वजनिक दूरध्वनींवरून खेळल्या गेलेल्या ‘आय लव्ह बीज’मागे ‘हेलो 2’ हा व्हिडिओ गेम होता. पैसा कथेबाहेरून आल्याने कथेला आपले सोंग टिकविता आले. तिचे वेळापत्रक मात्र विक्रेय वस्तूच्या प्रकाशनाशी बांधले गेले. राजाश्रित कवी आश्रयदात्याचे नाव काव्यात गुंफीत असे. येथे ते लपविणे हीच सेवा ठरली.

वाचकाकडूनच मोल घेण्याचा प्रयत्न इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने 2001च्या जुलैअखेरीस ‘मॅजेस्टिक’द्वारे केला. वर्गणी दरमहा 9.95 डॉलर. वर्गणीचा करार होताच सोंग उघडे पडते. शिवाय एक भाग संपला की पुढच्यासाठी थांबावे लागे. विनामूल्य वाट पाहणे ही उत्कंठा असते, पैसे भरून वाट पाहणे ही तक्रार होते. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर खेळ काही काळ स्थगित झाला आणि एप्रिल 2002 मध्ये बंद पडला. अपयशाचे खापर केवळ त्या हल्ल्यांवर फोडणे सोयीचे असले, तरी मूळ विसंगती करारातच होती.

लंडनच्या माइंड कँडीची ‘पर्प्लेक्स सिटी’ (2005) अधिक विचारपूर्वक रचलेली होती. कोड्यांची छापील पत्ते-पाकिटे दुकानांतून विकली जात आणि हरवलेला घन शोधणाऱ्यास 1,00,000 पौंडांचे बक्षीस होते. पत्ता एकाच वेळी माल आणि संहितेचे पान झाला; खरेदी हीच वाचनाची कृती ठरली. फेब्रुवारी 2007 मध्ये नॉर्दॅम्प्टनशरच्या रानात घन सापडला. दुसरे पर्व जाहीर झाले, पण त्याच वर्षी ते गुंडाळले गेले. शोध संपल्यावर पाकिटे घेण्याचे कारणही उरत नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. कंपनी पुढे ‘मोशी मॉन्स्टर्स’ या मुलांच्या खेळाकडे वळली.

स्ट्युअर्ट आणि वाइजमन यांनी 2006 साली ‘कॅथीज बुक’ या कादंबरीत तिसरा मार्ग चोखाळला. पात्रांच्या तोंडी कव्हरगर्लच्या सौंदर्यप्रसाधनांचे उल्लेख आले. मोबदला रोख नव्हे, तर पुस्तकाची प्रसिद्धी. कुमारवयीन वाचकांच्या साहित्यात जाहिरात शिरल्याची टीका झाली. पुढे कागदी बांधणीच्या आवृत्तीतून ते उल्लेख वगळण्यात आले.