नाणेघाटाचा रांजण आणि टोकावड्याचा हिस्सा

टोकावड्याच्या नाक्यावर आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, त्यामुळे जाणारा-येणारा चहा-तंबाखूला थांबायचाच. लहानपणी आजोबा वैशाखऱ्याच्या बाजूचा डोंगर दाखवून म्हणायचे, "वर नाणेघाटात दगडाचा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडायची. पैसा इथून वर गेला बेटा. खाली किती आला, ते कुणी लिहून ठेवलं नाही."

पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की नाणेघाटात लिहून ठेवलेलं बरंच आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. म्हणजे खर्चाचा हिशेब होता, पण तो दानाचा होता. घाटाखालच्या माणसाचा त्यात हिस्सा असावा, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. राजाने दिलं तर मेहरबानी, नाही दिलं तर नशीब.

हे दोन हजार वर्षांपूर्वीचं झालं. पण ही समजूत गेली कुठे? आजही कातकरी वाडीत नळ आला की लोक म्हणतात, सरकारने दिला. शहरातले म्हणतात, आमच्या कराच्या पैशावर यांचं चाललंय. "तुम्हाला तर सरकार सगळं देतं" हे वाक्य आदिवासी शेजाऱ्याने जेवढं ऐकलंय, तेवढंच आम्हीही ऐकलंय. म्हणून हा पैसा कुणाचा आणि तो कोणत्या नात्याने खाली येतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

या प्रश्नाचा अभ्यास करणारं एक महत्त्वाचं पुस्तक आपल्याच माणसाने लिहिलं आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १८३३ च्या कायद्याने सगळी तिजोरी कलकत्त्याच्या हातात गेली. मुंबई प्रांताला खर्चासाठी तिकडे हात पसरावा लागे. १८७१ पासून प्रांतांना आधी ठरावीक रक्कम, मग काही करांचं उत्पन्न आणि १८८२ पासून करांत वाटा मिळू लागला. पण बाबासाहेबांनी बारकाईने दाखवलं की ही खरी स्वायत्तता नव्हती. महसुलावर मालकी मध्यवर्ती सरकारचीच होती. प्रांताला मिळत होती ती सवलत, हक्क नव्हे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हे नातं बदललं. कलम २८० प्रमाणे वित्त आयोग नेमला जातो आणि केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरतो. पहिला आयोग के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५१ मध्ये नेमला गेला. कलम २७५ मध्ये आदिवासींच्या कल्याणासाठी आणि अनुसूचित क्षेत्रांसाठी केंद्राच्या अनुदानाची तरतूद आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तेव्हा हा पैसा कुणाच्या खिशातून काढलेली खैरात नाही. घटनेत लिहिलेला हिस्सा आहे.

आता पंधराव्या वित्त आयोगाचं बघा. वाटपायोग्य केंद्रीय करांतला ४१ टक्के भाग राज्यांना आणि त्यात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के. बिहारला १०.०५८ टक्के. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा नऊ टक्क्यांहून जास्त होता, तरी पैसा कमी, कारण आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन उत्पन्नातल्या तफावतीला आहे. जो मागे आहे त्याला जास्त, जो पुढे आहे त्याला कमी. मुंबईत यावर कुरकुर होते. मला तत्त्व बरोबर वाटतं. माझा प्रश्न वेगळा आहे. दिल्लीने जे माप महाराष्ट्राला लावलं, ते महाराष्ट्राने मुरबाडला लावलं का?

१९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची सोय झाली. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. त्याआधी १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या समितीने अनुशेष मोजला. काम मोठं होतं, पण माप जिल्ह्याचं होतं. ठाणे जिल्ह्याची सरासरी काढताना कल्याण-डोंबिवली आणि मुरबाडचे पाडे एकाच तागडीत बसतात. सरासरी चांगली येते आणि पाडा दिसेनासा होतो. २०१३ साली विजय केळकर समितीने अहवाल दिला, तेव्हा तालुका हा घटक धरला. त्यानंतर १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड सहा महानगरपालिकांच्या ठाणे जिल्ह्यात राहिले. आता तर सरासरी आणखीच गोड दिसते.

पाण्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तानसा धरण १८९२ चं, शहापूर तालुक्यातलं. भातसाही तिथलंच. मुंबई त्यावर जगते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. आता सांगा, कोण कुणाला देतंय?

पण पैसा उलटाही वाहू शकतो, हेही याच राज्याने दाखवलं. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना १९७२ पासून राज्यभर आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला आणि तितकीच भर राज्य सरकारने घालायची असं ठरलं. मुंबईच्या पगारदाराच्या पगारातून कापलेले रुपये खेड्यातल्या मजुराच्या हातात. देशाने ही कल्पना २००५ च्या कायद्यात घेतली. केंद्राकडून राज्याकडे योजना येतात हे नेहमीचं. ही राज्याकडून केंद्राकडे गेली.

आजोबांच्या उधारीच्या वहीत ते दिसायचं. भातकापणी झाली की ठाकूर-कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जायची, खाती पावसाळ्यापर्यंत बंद. ज्या वर्षी जवळपास रस्त्याचं किंवा बंधाऱ्याचं काम निघायचं, त्या वर्षी तीच खाती मार्च-एप्रिलमध्येही चालू असायची. आजोबांना वित्त आयोग माहीत नव्हता. पण पैसा खाली पोचला की नाही, हे त्यांना वहीचं पान उलटून सांगता यायचं.

२०१५ मध्ये राज्याने आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी पेसा गावांना थेट द्यायचं ठरवलं. चौदाव्या आणि पंधराव्या वित्त आयोगाचा पैसाही ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला. म्हणजे रांजणातलं नाणं आता घाट उतरून गावापर्यंत येतं. ते कशावर खर्च होतं, हे विचारायची जागा ग्रामसभा आहे. आमच्याकडे ग्रामसभेला मोजकी माणसं जातात. आमच्या मोहल्ल्यातले तर अजूनच कमी. आपलं तिथे काय काम, असं म्हणून घरी बसतो आणि मग वर्षभर सरकारने काही दिलं नाही म्हणून रडतो.

पुढच्या ग्रामसभेला मी जाणार आहे. एकच विचारणार आहे: आपल्या वाट्याचे किती आले आणि गेले कुठे? मागायला नाही, हिशेब विचारायला.